बाप झाला म्हणून सोवळा झाला?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीतल्या एका काकांचा फोन आला. ‘‘तू ते स्टँड-अप की काय ते करायचास ना? यंदाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं तुझी. फक्त फॅमिली ऑडियन्स आहे हं. लहान मुलं, आजी-आजोबा, सगळे असतात. अर्थात, आता तू स्वतःच बाप झालायस, तुला काय वेगळं सांगायचं!’’

माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. म्हणजे चौदा महिने मी हे वाक्य वेगवेगळ्या चालींवर ऐकतोय. मामा म्हणाला, ‘‘सुधारलास.’’ ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘‘मॅच्युअर झालास.’’ ओपन माइकला सोबत असलेला एक जण म्हणाला, ‘‘आता तुझे जोक क्लीन होणार बघ.’’ सगळ्यांचा समज एकच. मूल झालं की माणसाच्या तोंडातल्या शिव्या दुधाच्या दातांसारख्या आपोआप पडतात.

कॉमेडीचे व्हिडिओ बघणाऱ्या आमच्या पिढीकडे या समजाला एक ठरलेलं उदाहरणही आहे. एडी मर्फी. ऐंशीच्या दशकात लाल लेदरचा सूट घालून स्टेजवर शिव्यांचा पाऊस पाडणारा पोरगा. मग त्याला मुलं झाली, आणि तो ‘डॉक्टर डूलिटल’ झाला, ‘श्रेक’मधल्या गाढवाचा आवाज झाला, ‘डॅडी डे केअर’मध्ये पाळणाघर चालवायला लागला. वाल्याचा वाल्मीकी, फक्त नारदाच्या जागी डायपर.

गोष्ट गोड आहे. माझ्या मते खोटी आहे. नुसती खोटी असती तर सोडून दिली असती, पण तिच्यामुळे नुकसान होतं आणि ते सगळ्यांचं सारखं होत नाही. म्हणून हा लेख.

आधी तारखा बघू

आमच्या धंद्यात एक सवय लागते. कुणी म्हटलं की ‘अमुक बदल केला म्हणून सिस्टिम पडली’, की आधी लॉग उघडायचा. बदल कधी झाला, सिस्टिम कधी पडली? आधी काय, नंतर काय?

मर्फीचा लॉग असा आहे. ‘डेलिरियस’ १९८३, ‘रॉ’ १९८७. दोन्ही कार्यक्रम शिव्यांनी खचाखच. १९८९मध्ये तो पहिल्यांदा बाप झाला. त्याच वर्षी त्याचा ‘हार्लेम नाइट्स’ आला. लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्याचीच. म्हणजे या सिनेमात कोण काय बोलणार हे पूर्णपणे त्याच्या हातात होतं. सिनेमा शिव्यांनी भरलेला आहे. पुढे ‘अनदर फॉर्टी-एट अवर्स’, ‘बूमरँग’, ‘द डिस्टिंग्विश्ड जंटलमन’, ‘बेव्हर्ली हिल्स कॉप ३’, ‘व्हँपायर इन ब्रुकलिन’. अमेरिकेत या सगळ्यांना आर रेटिंग, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना पालक किंवा मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. ‘द नटी प्रोफेसर’ आला १९९६मध्ये. बाप झाल्यावर सात वर्षांनी.

सात वर्षं. एवढ्या काळात पोरगं पहिलीत जातं.

या सात वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. मर्फीचे सिनेमे चालेनासे झाले होते. ‘बेव्हर्ली हिल्स कॉप ३’ अपेक्षेच्या खूप खाली राहिला, ‘व्हँपायर इन ब्रुकलिन’ आपटला. मग ‘नटी प्रोफेसर’ आणि ‘डूलिटल’ आले, आणि दोघांनीही जगभरातून पंचवीस कोटी डॉलर्सहून जास्त गल्ला जमवला. तुम्ही निर्माते असता तर पुढचा सिनेमा कसला काढला असता?

आणि लॉगमधली शेवटची नोंद बघा. २०१९मध्ये मर्फी दहा मुलांचा बाप होता. त्या वर्षी त्याने ‘डोलेमाइट इज माय नेम’ केला. रूडी रे मूर या अत्यंत शिवराळ विनोदवीराची कहाणी. पुन्हा आर रेटिंग. बापपणाने जीभ धुतली जात असती, तर दहा मुलांनंतर ती आरशासारखी लख्ख व्हायला हवी होती.

मग बदललं काय?

तिकीट खिडकी. १९८४मध्ये अमेरिकेत पीजी-१३ नावाचं नवं रेटिंग आलं. त्यामुळे मधली जागा तयार झाली. थोडा वात्रटपणा चालेल, पण पोरांना दारात अडवणार नाहीत. व्यवहार सरळ आहे. आर रेटिंगच्या विनोदी सिनेमाला नवरा-बायको गेले तर दोन तिकिटं, आणि वर मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे. पीजी-१३ला तेच घर गेलं तर चार तिकिटं. शिवाय पोरं तोच सिनेमा घरी वीस वेळा बघतात.

आपल्याकडेही हिशोब वेगळा नाही. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. कापाकापी करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे कौटुंबिक असणं ही आधी विक्रीची सोय आहे, संस्कार नंतर.

आणि आपल्याकडे विक्रीच्या सोबतीला पोलीसही असतात. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’च्या एका भागात आई-वडिलांबद्दल एक अश्लील प्रश्न विचारला गेला. मला तो प्रश्न विनोदी वाटला नाही. पण महाराष्ट्रात आणि आसामात तक्रारी दाखल झाल्या आणि शोचे सगळे भाग यूट्यूबवरून गेले. त्या आठवड्यात देशातल्या कितीतरी कॉमेडियननी आपापले जुने व्हिडिओ एकदा चाळून बघितले असणार. मीही बघितले, आणि माझे तर व्ह्यूज तीन आकडी होते. तेव्हा आम्हाला मूल नव्हतं झालेलं. तरी मी दोन व्हिडिओ खाली घेतले.

एक माणूस, दोन दुकानं

बॉब सॅगेट हे नाव नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन घराघरात ठाऊक होतं. ‘फुल हाउस’मधला तीन मुलींचा साधा, नीटनेटका, मिठी मारणारा बाप. प्रत्यक्षातही तो तीन मुलींचा बाप होता. आणि स्टँड-अपच्या स्टेजवर तो अमेरिकेतल्या सगळ्यात घाणेरडं बोलणाऱ्या कॉमेडियनांपैकी एक होता. ‘दि ॲरिस्टोक्रॅट्स’ हा २००५चा माहितीपट एकाच अश्लील विनोदाच्या शंभर तऱ्हा दाखवतो, आणि त्यात सॅगेटची तऱ्हा बघून लोक अजूनही कान धरतात. बाप तोच, मुली त्याच. दुकान वेगळं म्हणून माल वेगळा.

रॉबिन विल्यम्सचंही तेच. ‘अलादीन’ १९९२, ‘मिसेस डाउटफायर’ १९९३, आणि २००२मध्ये, तीन मुलांचा बाप असताना, एचबीओवरचा त्याचा ‘लाइव्ह ऑन ब्रॉडवे’, जो मी आमच्या हॉलमध्ये स्पीकरवर लावणार नाही.

उलटं उदाहरण हवं? स्टीव्ह मार्टिन. ‘पॅरेंटहुड’, ‘फादर ऑफ द ब्राइड’, ‘चीपर बाय द डझन’. त्या शेवटच्या सिनेमात तर बारा मुलं. पडद्यावर तो अमेरिकेचा बाप झाला तेव्हा त्याला स्वतःचं एकही मूल नव्हतं. पहिलं मूल झालं तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? मराठी घरांमध्ये तीन पिढ्यांनी एकत्र बसून, कॅसेट उलटी करून करून ज्यांचा विनोद ऐकला, त्या पु. ल. देशपांड्यांना मूल नव्हतं. आपल्या भाषेतला सगळ्यात ‘सहकुटुंब, सहपरिवार’ विनोद बापपणाशिवाय लिहिला गेला. तो कुणाच्या पाळण्यातून आला नाही. चाळीत, एसटीत, लग्नघरात माणसं कशी बोलतात ते नीट ऐकण्यातून आला.

सोवळ्याची गडबड

‘रॉ’मध्ये मर्फी एक किस्सा सांगतो. बिल कॉस्बीने त्याला फोन करून झापलं की स्टेजवर असं घाण बोलू नकोस. चिडलेल्या मर्फीने रिचर्ड प्रायरला फोन लावला, आणि प्रायरने त्याला सांगितलं की लोक हसतात ना, मग बोल.

तेव्हा कॉस्बी म्हणजे कोण? ‘द कॉस्बी शो’मधला आदर्श बाप. ‘फादरहुड’ नावाचं त्याचं पुस्तक १९८६मध्ये तुफान खपलं. एकही शिवी नाही, सगळं फॅमिलीसोबत बघण्यासारखं. पुढे पन्नासहून जास्त स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८मध्ये एका खटल्यात तो दोषी ठरला, तुरुंगात गेला. २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली. डिसेंबर २०१९मध्ये, कॉस्बी आत असताना, मर्फी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर आला आणि म्हणाला की तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं की मी घरबशा कंटाळवाणा बाप होईन आणि कॉस्बी तुरुंगात असेल, तर मीसुद्धा ती पैज घेतली असती.

लोक पोट धरून हसले. पण या विनोदातला धडा ‘शिवराळ माणूस चांगला निघाला’ असा नाही. धडा असा की शिव्या मोजून माणूस मोजता येत नाही. तरी आपण तेच करतो.

कारण शिव्या मोजायला सोप्या असतात. ‘डेलिरियस’मध्ये खरी लाज वाटावी असं काही असेल तर त्यातले समलिंगी माणसांबद्दलचे आणि एड्सबद्दलचे जोक. त्यांबद्दल मर्फीने १९९६मध्ये माफीही मागितली. त्या जोकमधली एकूण एक शिवी काढा. सोवळ्यात नेसवा. क्रूरपणा तसाच राहतो.

आता आपला टीव्ही आठवा. साडी नेसलेला पुरुष आणि त्याच्या अंगचटीला येणारा पाहुणा. जाड बाईवरचे जोक. काळ्या रंगावरचे जोक. बायको म्हणजे कटकट. हे सगळं रात्री नऊला, जेवणाच्या ताटासमोर, आजीपासून नातवापर्यंत सगळे बघतात. याला आपण ‘कौटुंबिक’ म्हणतो, कारण यात कुणी शिवी दिलेली नसते. आमच्या काकांची यातल्या कशालाच हरकत नसेल. मी ‘च्यायला’ म्हटलं तर असेल.

एक गोष्ट मान्य करतो

मूल झाल्याने काहीच बदलत नाही असं मी म्हणत नाही. बदलतं, पण ते मनाच्या आत नाही, घड्याळात बदलतं.

मी पुण्यात तीन वर्षं ओपन माइक केले. साडेआठला नाव द्यायचं, दहाला नंबर लागायचा, चार मिनिटं बोलायचं, साडेअकराला घरी. मुलगी झाली तेव्हा बायकोला सव्वीस आठवड्यांची रजा होती. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्याने तेवढी मिळते. मला खासगी नोकरीत अशी कायद्याची रजा नाही. कंपनीने दिली ते थोडे दिवस, मग सकाळी नऊची मीटिंग. बायकोची रजा संपली तेव्हा रात्रीचं एक-आड-एक उठणं सुरू झालं. अशात रात्री दहाचं स्टेज कुणाला जमणार?

नाव झालेल्या कॉमेडियनचंही हेच होत असणार. दौरा म्हणजे रोज वेगळं शहर, रोज रात्र. ॲनिमेशनला आवाज देणं म्हणजे दिवसाउजेडी बंद खोलीत बसून काम, दाढीही करायला नको. मुलांजवळ राहायचं म्हणून कुणी असं काम घेत असेल तर मला त्याचा आदर वाटतो. पण मग ते तसंच सांगावं. ‘मला रात्री घरी यायचं होतं’ हे वाक्य खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘बाळाचा चेहरा बघितला आणि माझा विनोद पवित्र झाला’ ही जाहिरात आहे.

माझंही तेच. मॅनेजरवरचा माझा सगळ्यात चाललेला जोक मी मुलीसाठी सोडला नाही. घराचा हप्ता सुरू झाला आणि क्लिप ऑफिसच्या ग्रुपवर जाईल अशी भीती वाटली, म्हणून सोडला. ‘सुधारलास’ म्हटल्यावर मी मामाला हे सांगितलं नाही. हसून मान डोलावली. फुकटचं पुण्य कुणाला नको असतं?

आई झाल्यावर मात्र

आता नुकसानाचा मुद्दा. हे फुकटचं पुण्य फक्त बापाला मिळतं.

२०१६मध्ये ॲली वाँगचा ‘बेबी कोब्रा’ आला. त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी ती सात महिन्यांची गरोदर होती. घट्ट ड्रेस, पुढे आलेलं पोट, आणि तासभर संभोग, गर्भपात, शरीर, पैसा यांवर बेधडक बोलणं. त्यात ती एक निरीक्षण मांडते. बाई कॉमेडियन गरोदर राहिली की बहुतेक वेळा गायबच होते. पुरुष कॉमेडियनला मूल झालं की तो आठवडाभरात स्टेजवर परततो, बाळाबद्दल कुरकुर करतो, आणि प्रेक्षक त्याच्यावर आणखी प्रेम करतात. दोन वर्षांनी ‘हार्ड नॉक वाइफ’मध्ये ती पुन्हा गरोदर होती आणि पहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट बोलत होती. आई होऊन ती क्लीन झाली नाही. होणार कशी? आईपण ही क्लीन गोष्टच नाही. रक्त, टाके, दूध, शी, झोपेचं खोबरं. हे गाळून उरतं ते बेबी पावडरच्या जाहिरातीतलं आईपण.

गंमत बघा. १९५२मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकेतल्या सगळ्यात लाडक्या कौटुंबिक मालिकेत ल्युसिल बॉल खरोखर गरोदर होती आणि तिचं पात्रही गरोदर दाखवलं होतं. पण ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला चॅनेलची परवानगी नव्हती. नवरा-बायकोचे पलंग वेगळे. म्हणजे कौटुंबिक मालिकेत कुटुंब कसं तयार होतं हे सोडून सगळं सांगायची मुभा!

सत्तर वर्षांनी आपण फार पुढे आलोय असं मला वाटायचं. मग आमच्या मुलीचं बारसं झालं.

हॉलमध्ये पुरुष पेढे खात क्रिकेटवर बोलत होते. मी पाणी आणायला आत गेलो तर स्वयंपाकघराच्या दाराशी थबकलो. आत बायको, तिची आई, माझी आई, दोन मावश्या, एक शेजारीण. बायको सांगत होती की बाळाला भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर तिचा कुर्ता दुधाने भिजला, आणि एक आजोबा अत्यंत काळजीने म्हणाले, ‘‘अगं, पंखा लाव, पोरीला किती घाम आलाय.’’ मग टाक्यांवरून काहीतरी, मग डिंकाच्या लाडवांचा आणि बद्धकोष्ठतेचा एक लांबलचक किस्सा, ज्यात माझी आई, होय, माझी आई, असं एक वाक्य बोलली की मावशी ओट्याला धरून खाली बसली. तीन वर्षांच्या ओपन माइकमध्ये मी असं हसणं कधी कमावलं नाही. मी आत पाऊल टाकलं आणि सगळं थांबलं. ‘‘काय रे, काय हवंय?’’

त्या खोलीत तीन पिढ्या होत्या. त्याहून फॅमिली ऑडियन्स आणखी कोणता असतो?

रात्री मी बायकोला म्हटलं, ‘‘तू हे स्टेजवर सांगायला हवंस.’’ ती म्हणाली, ‘‘तू सांगितलंस तर म्हणतील, किती समजूतदार नवरा. मी सांगितलं तर म्हणतील, घरात कुणी वळण लावलं नाही का.’’

आणि मग मी तेच केलं. मुलगी पाच महिन्यांची असताना एकदाच ओपन माइकला गेलो आणि तो दुधाचा, पंख्याचा किस्सा सांगितला. थोडा धुऊन-पुसून. ‘दूध’ हा शब्द एकदाच. टाके नाहीत. टाळ्या पडल्या. दोन मुली येऊन ‘सो स्वीट’ म्हणाल्या. आयोजक म्हणाला, ‘‘बाप झाल्यावर तुझं मटेरियल काय सुंदर क्लीन झालंय!’’ मटेरियल माझं नव्हतं आणि क्लीनही नव्हतं. जिचं होतं ती घरी बाळाला झोपवत होती. घरी येऊन मी तिला सांगितलं. तिने विचारलं, ‘‘हसले?’’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘‘माहीत होतं,’’ आणि कूस बदलली.

बाप झालेल्या कॉमेडियनचं कौतुक करताना आपण नक्की कशाचं कौतुक करतो, ते मला त्या रात्री कळलं. घरातला अनुभव एकीचा, त्यातलं अवघड ते गाळायचं, उरलेलं गोड करून तो स्टेजवर मांडणार, आणि वर ‘कुटुंबवत्सल’ म्हणून त्याचीच वाहवा.

तर माझं म्हणणं एवढंच. कुणी कॉमेडियन मुलांचे सिनेमे करायला लागला तर त्याला करू द्या, चांगले असतील तर बघा. मीही ‘श्रेक’ मुलीसोबत बघणार आहे, आणि ते गाढव मला मनापासून आवडतं. पण त्याला वाल्मीकी म्हणू नका. त्याचा धंदा बदलला, घड्याळ बदललं, तेवढं म्हणा. एखादा विनोद कुटुंबासोबत बघण्यासारखा आहे का, हे विचारताना शिव्या मोजण्याआधी तो कुणाच्या जिवावर आहे ते बघा. आणि एखादी आई माइक हातात घेऊन टाक्यांबद्दल बोलली तर खुर्ची सरकवू नका. तुमच्या घरातही हा विनोद होतो. फक्त तुम्ही आत गेलात की थांबतो.

काकांना मी हो म्हटलंय, पण दहा मिनिटं आम्ही दोघं मिळून करणार असं सांगितलंय. बायकोने आधी दोन दिवस नाही म्हटलं, मग विचारलं, ‘‘पंख्याचा किस्सा मी सांगणार ना?’’ तोच, पूर्ण. काका जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘बरं, स्क्रिप्ट आधी व्हॉट्सॲपवर टाक. समितीला दाखवावी लागेल.’’

गणपती अकरा दिवसांवर आलेत. स्क्रिप्ट अजून पाठवलेली नाही.